तीन आलेख कागद आणि पातेल्याचं बूड

लेकीच्या प्रोजेक्ट वहीत एकच वर्गसमीकरण होतं: क्ष² − ३क्ष + १ = ०. सूत्राने दोन ओळींचं काम. पण वर तंबी होती, ‘आलेख काढूनच सोडवा’. त्या एका पानाने आमचा अख्खा आठवडा खाल्ला.

कोष्टक पटकन झालं. क्षला −१ पासून ४ पर्यंत किमती दिल्या, डाव्या बाजूची किंमत म्हणजे य, तो आला ५, १, −१, −१, १, ५. बिंदूही मांडले.

घोडं अडलं ते बुडाशी. क्ष १ असताना य −१, आणि २ असतानाही −१. मी शहाणपणा करून त्या दोन बिंदूंना पट्टी लावली. अन्वस्ताऐवजी, म्हणजे वर्गसमीकरणाच्या गोलसर बुडाच्या वक्राऐवजी, सपाट बुडाचं पातेलं तयार झालं. दुसऱ्या दिवशी लाल शेरा: ‘वक्र चुकला, पुन्हा काढा.’ कुठे चुकला ते नाही. मग लेकीने हातानेच झोकात बाक दिला, तर तळ पार −२ पर्यंत गेला. पुन्हा तोच शेरा, तीच शाई. तिसऱ्या कागदाला खोडून खोडून भोक पडलं. मी चिडून उठले. ती मात्र कोष्टकाकडे बघत बसली होती. म्हणाली, “आई, हे उलटं वाचलं तरी तसंच येतं गं.”

खरंच की! ५, १, −१ आणि परत −१, १, ५. म्हणजे तळ बरोबर मधे, क्ष = १.५ ला. किंमत घातली: २.२५ − ४.५ + १ = −१.२५. पाव एककाचा तो खळगा, आणि त्यापायी तीन कागद वाया! ‘मधला बिंदू घ्या’ एवढं लिहायला मॅडमना किती शाई लागली असती?

तो बिंदू मिळाल्यावर वक्र आपसूक वळला. क्ष-अक्षावर य शून्य, म्हणून वक्र जिथे त्याला छेदतो तीच उत्तरं, म्हणजे मुळं. तो ०.४ आणि २.६ च्या आसपास छेदत होता. ताळा केला, शून्याऐवजी दोन्हीकडे −०.०४ उरले. म्हणून ० ते १ एवढाच तुकडा ५ सेंमी = १ एकक या प्रमाणाने वेगळा काढला, तेव्हा ०.३८ दिसलं. दुसरं उत्तर शोधावंच लागलं नाही. तळापासून दोन्ही मुळं सारख्याच अंतरावर असतात, म्हणून २.६२.

हो, पेन्सिलीला टोक काढून बसा, हे आधीच सांगायला हवं होतं. जाड रेघेतच मिलीमीटर हरवतो. आणि वक्र अक्षाला शिवलाच नाही तर घाबरून खोडू नका. क्ष² − ३क्ष + ३ चा तळ अक्षाच्या वर ०.७५ लाच राहतो. त्याला वास्तव मुळं नाहीत, हेच उत्तर.

आता माझी फुशारकी. य = क्ष² चा वक्र एकदाच नीट काढून जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापला. क्ष² चा सहगुणक (त्याच्या आधीचा आकडा) १ असेल आणि प्रमाण तेच ठेवलं, तर प्रत्येक अन्वस्ताचा आकार हाच. तळाचा बिंदू काढायचा, पुठ्ठा सरळ धरून तिथे टेकवायचा आणि पेन्सिल फिरवायची. सहगुणक २ आला की दुसरा पुठ्ठा.

चौथा कागद पुठ्ठा लावून काढला. या वेळी शेरा नव्हता, नुसती सही.