लेकरू जन्मतः रडलं नाही, मग केस होते का?

आमच्या इकडं बाळंतपणात काही बिघडलं की दोनच गोष्टी होतात, एक तर दवाखान्याच्या काचा फुटतात नाहीतर गावातला एखादा पुढारी मधात बसून रक्कम ठरवते आणि घरचे लोक न वाचता सही करून येतात. काचा फोडणाऱ्यांवर दवाखान्यावरच्या हल्ल्यांविरुद्धच्या २०१० च्या राज्याच्या कायद्यानं ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वरून नुकसानीच्या दुप्पट भरपाई. म्हणजे ज्याचं लेकरू गेलं तोच तारखा करत बसते.

माझं घाटंजीकडं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. अपंगाच्या कार्डाचा फॉर्म भरायला आईबाप येतात, पोट्टं तीन-चार वर्षांचं, मान धरत नाही, बसत नाही, कागदावर लिहिलेलं असते सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हातपाय-मान ताब्यात न राहणं. मग बोलता बोलता आजी सांगते, "भाऊ, लेकरू रडलंच नाही पहा जन्मल्यावर, लय वेळ कळा देऊन रायली होती पोरगी, सिस्टर म्हणे होते नॉर्मल, थांबा." मी विचारतो काकू, कागद कुठं आहेत? डिस्चार्ज कार्ड असते, तेही घडी पडून फाटलेलं. बस.

पैसे देऊन इलाज घेतला की आपण ग्राहक, म्हणून ग्राहक आयोगात भरपाई मागता येते, पण तक्रार करायची मुदत असते २ वर्षं. आणि अशा लेकरात काही गडबड आहे हे कळायलाच वर्ष-दीड वर्ष जाते, कारण सगळे म्हणतात काही मुलं उशिरा बसतात. उशीर झाला तर सबळ कारण लेखी देऊन तो माफ करून मागता येतो, पण आयोगाला ते पटलं पाहिजे. २०१० ला सुप्रीम कोर्टापुढं एक केस होती, १९९३ च्या ऑपरेशनात पोटात राहिलेला गॉज, म्हणजे रक्त टिपायचं जाळीचं कापड, २००२ ला निघाला, तरी कोर्टानं म्हटलं की बाई स्वतः नर्स, इतकी वर्षं पोट दुखत होतं तर आधी त्या डॉक्टरकडं काहून नाही गेल्या, आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. इजा आतून लपलेली असेल तर मुदत ती कळल्यापासून धरतात हे खरं, पण तुम्ही शोध घेतला का हेही पाहतात.

आता कडू गोष्ट. लेकरू असं झालं म्हणजे डॉक्टरचीच चूक असं नसते. महिने न भरता जन्म, पोटात असतानाचं इन्फेक्शन, जन्मानंतर वाढलेली कावीळ, यानंही हेच होते, आणि बऱ्याच लेकरांत कारण प्रसूतीच्या वेळचं नसतेच. कोर्ट एवढंच विचारते की त्या जागी साधारण हुशारीचा दुसरा डॉक्टर असता तर त्यानं जे केलं असतं ते यांनी केलं का. म्हणून सगळी लढाई वेळेवर येते. कळा जोरात सुरू झाल्यावर बाळाचे ठोके साधारण दर अर्ध्या तासाला ऐकायचे असतात, आणि बाई जोर लावायला लागली की दर ५ मिनिटांनी. ऐकले का, लिहिले का? कळांचं इंजेक्शन सलाईनमधून किती वाजता लावलं? सिझर करायचं कधी ठरलं आणि प्रत्यक्षात कधी झालं? जन्मल्यावर १ मिनिटाला आणि ५ मिनिटांना बाळाला किती अपगार स्कोअर, म्हणजे श्वास, ठोके, रंग, हालचाल पाहून १० पैकी मार्क, दिला? यवतमाळ-नागपूरला रेफर करायला किती वेळ लावला? हे सगळं केसपेपरात असते, आजीच्या बोलण्यात नसते, आणि केसपेपर दवाखान्यात असतात.

तर ते मागा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात आहे की पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं मागितले तर ७२ तासांत कागद द्यायचे, आणि भरती पेशंटचे कागद ३ वर्षं जपून ठेवायचे. साधा अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच शिक्का. तोंडी मागितलं तर "मॅडम सुट्टीवर आहे" ऐकत बसाल.

खासगी दवाखाना असेल, बिल भरलं असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा कायदा आल्यापासून आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार टाकता येते, इलाज नागपूरला झाला तरी. आणि दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असली तर फी लागत नाही. सरकारी दवाखान्यात जिथं सगळ्यांनाच फुकट इलाज मिळते तिथं हे आयोग चालत नाही, १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, दिवाणी कोर्टात जावं लागते. पण सरकार सुटत नाही. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ ला बाळंतपणानंतर नसबंदी करताना एका बाईच्या पोटात कापड राहिलं, ती गेली, आणि सुप्रीम कोर्टानं सरकारला जबाबदार धरलं १९९६ ला. तेहतीस वर्षं, बाप्पा.

पोलिसात जायची घाई नका करू. २००५ पासून ठरलेलं आहे की डॉक्टरवर फौजदारीसाठी चूक फार ढोबळ, भयंकर लागते, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असते, शक्यतो सरकारी. नव्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं पेशंट दगावला तर डॉक्टरला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यातून लेकराच्या फिजिओथेरपीचा खर्च निघत नाही. मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली तर नोंदणी जाऊ शकते, पैसा तिथंही नाही.

वकिलाचं म्हणाल तर युट्युबवर अमेरिकेचे वकील सांगतात जिंकलो तरच फी, तसा टक्केवारीचा करार आपल्याकडं वकिलाला करताच येत नाही. कोणी तसं म्हणून रायला असेल तर जरा जपून. बाई, लहान मूल, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून, नंबर १५१००. वावर विकायच्या आधी तिथं फोन करा.

आणि फक्त लेकराचंच नुकसान मागू नका. १९९८ ला सुप्रीम कोर्टानं एका मुलाला चुकीच्या इंजेक्शनानं मेंदूला इजा झाली त्या केसमध्ये मुलाला १२.५ लाख आणि आईबापाला वेगळे ५ लाख कायम ठेवले, कारण आईबापही ग्राहकच. आमच्याकडची माय निंदणाला जाणं सोडून लेकराजवळ बसते, तिची बुडालेली मजुरी कोण धरते? त्यासाठी थेरपीच्या पावत्या, बुटा-बेल्टाची बिलं, एसटीची तिकिटं सगळी एका थैलीत ठेवा. थेरपी केससाठी थांबवू नका, सरकारी दवाखान्यात जिल्ह्याला लहान मुलांचं तपासणी केंद्र असते तिथं लवकर दाखवा. केसपेपर मागायच्या अर्जाचा नमुना माझ्या सेंटरवर आहे, त्याचे पैसे घेत नाही, फक्त पेशंटचं नाव आणि भरती तारीख घेऊन या.