अर्ध्या कपाचा हिशेब

दिवसाला ४०० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाला एवढं कॅफिन चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितलं. अमेरिकेतही हाच आकडा धरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत तो ३०० वर आणला. गरोदर बाईसाठी युरोपचा आकडा २०० चा. मर्यादा कळली की पुढचं सोपं वाटतं. दिवसभराचे कप मोजायचे आणि गुणाकार करायचा. त्यासाठी मोबाइलवर अ‍ॅपही मिळतात. त्यात लाटे आहे, एस्प्रेसो आहे, माचासुद्धा आहे. कटिंग नाही. घोटभर तर नाहीच नाही.

आणि आपला निम्मा चहा घोटभरच असतो. "चहा टाकू का?" "नको, आत्ताच झाला." "अर्धा कप तरी." एवढं झाल्याशिवाय आपल्याकडे पाहुणा उठत नाही, आणि अर्धा म्हणून येतो तो पाऊण असतो. माझी आत्या दिवसभरात एकही पूर्ण कप घेत नाही. उठल्यावर अर्धा, पेपरबरोबर अर्धा, कामाच्या मावशींना सोबत म्हणून अर्धा. पातेल्यात उरलाच तर टाकायचा कसा, म्हणून बशीभर. "मी काही फार चहाबाज नाही गं," असं ती अगदी मनापासून सांगते.

बरं, कप मोजले तरी कपात काय आहे ते कुठे कळतं? पोषण संस्था एका चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरते. म्हणजे एकाचा चहा दुसऱ्याच्या दुप्पट. पिशवी दोनदा बुचकळून काढणारा आणि अमृततुल्यात खळाखळा उकळणारा, दोघेही चहाच पितात. आपली दाणेदार सीटीसी पावडर मुळातच लवकर उतरते, त्यात आपण ती उकळतो. दुधाने रंग फिका होतो, कॅफिन नाही.

म्हणून मी कप सोडले आणि पुडा धरला. कोरड्या चहा पावडरीत साधारण ३ टक्के कॅफिन असतं. चार माणसांच्या घरात महिन्याला अर्धा किलो पावडर संपते असं धरा. ५०० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम कॅफिन. ते सगळंच्या सगळं उतरलं असं मानलं तरी घराला दिवसाला ५०० मिलिग्रॅम, माणशी १२५. हे गणित वाण्याच्या यादीमागे बसतं आणि त्यात लपवाछपवी चालत नाही. अर्धा म्हणा की घोटभर, पुडा संपायचा तेव्हा संपतोच. सरासरी मात्र लबाड असते. चारांतली एक दूध पिणारी नात असेल तर तिचा वाटा कोणाकडे जातो, हे सांगायला नको. आत्याला आकडा सांगितला तर म्हणाली, "म्हणजे अजून दोन चालतील की!"

चालतीलही. पण पुड्याबाहेरचं कोण मोजणार? सॅरिडॉनच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं. चहा चुकला की डोकं धरतं, मग गोळी घ्यायची, डोकं उतरतं आणि श्रेय गोळीला. खरं तर चुकलेला चहाच गोळीतून पोचता झालेला असतो.

कॉलेजातल्या पोरांच्या हातातला एनर्जी ड्रिंकचा डबा दिसला की घरातली मोठी माणसं हळहळतात. भारतात अशा पेयात लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. पाव लिटरच्या डब्यात ७५, म्हणजे ढोबळमानाने दोन कप चहा. मुलांसाठी नाही, असं डब्यावर छापावं लागतं, आणि ते योग्यच आहे, साखर वेगळीच. पण पाचवा कप हातात धरून वीस वर्षांच्या मुलाला कॅफिनवर व्याख्यान देणं मला जरा जड जातं.

मला बेरजेपेक्षा घड्याळाची धास्ती जास्त वाटते. घेतलेलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाचेक तास लागतात. दुपारी चारचा चहा रात्री नऊला निम्मा शिल्लक, पहाटे दोनला पाव. माणसागणिक यात फरक पडतो. सिगारेट ओढणाऱ्यांचं शरीर ते फार लवकर निपटतं, त्यामुळे टपरीवर ज्याने सिगारेट सोडली आणि चहा तेवढाच ठेवला, त्याला तोच चहा अचानक चढू लागतो. गरोदरपणात उलट, ते कितीतरी जास्त वेळ रेंगाळतं. "मला तर चहा घेतल्यावर छान झोप लागते," असं सांगणारे प्रत्येक घरात असतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. सवयीने डोळा लागतो, फक्त गाढ झोप कमी होते, आणि झोपलेल्याला ते कळत नाही.

म्हणून चारचा चहा तीनला करावा, असं मी आत्याला सुचवून पाहिलं. तिने पातेलं विसळत शांतपणे विचारलं, "मग पाचला काय करायचं?"