बोट, ट्रेलर आणि मागची रांग

शिडाची बोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर निळं पाणी आणि गॉगल लावलेला माणूस येतो, ट्रेलर कुणाच्याच येत नाही. पण अमेरिकेत मिनेसोटात ज्यांना धक्क्यावर सीझनभर जागा भाड्याने घेणं परवडत नाही किंवा घ्यायची नसते (आमचा मित्र दुसऱ्या गटातला, असं तो म्हणतो) त्यांचा निम्मा शनिवार मिनेटॉन्का तळ्याच्या बोट लँडिंगवर, म्हणजे ट्रेलर मागे नेत बोट पाण्यात सोडायच्या उतारावरच जातो, शिडात वारा भरायचा तो उरलेल्या अर्ध्यात.

त्याच्याकडे जुनी कॅटालिना २२ आहे. १९६९ पासून बनायला लागलेली ही बोट, सेकंडहँड पैशाला पासरी मिळते. वजन हजार किलोच्या आसपास, त्यात अडीचशे किलोचा नुसता लोखंडी कील, म्हणजे बोटीच्या तळाखाली पाण्यात उतरणारा जड पंखा, तो हँडल फिरवून वर घेता येतो म्हणून तर ही ट्रेलरवर मावते.

पहिला कार्यक्रम पार्किंगमध्ये, डोलकाठी उभी करणे. पंचवीस फुटी अ‍ॅल्युमिनियमची काठी, एकाने बोटीत उभं राहून खांद्याने रेटायची, दुसऱ्याने पुढून दोर ओढायचा, आणि काठीला धरून ठेवणाऱ्या बाजूच्या तारांपैकी एक तरी कुठेतरी अडकतेच. पण त्याच्याही आधी मान वर करून बघायचं की इथून पाण्यापर्यंत विजेची तार नाही ना. यात गंमत नाही, काठी तारेला लागून माणसं गेलेली आहेत. या खटाटोपात जो वेळ जातो तो फुकट जात नाही बरं का, हायवेवरून आलेली ट्रेलरची चाकं तापलेली असतात, तशीच गार पाण्यात घातली तर आतली हवा आकसते, बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं आणि ग्रीसची वाट लागते.

मग रिव्हर्स. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे जाणार, त्यामुळे स्टिअरिंग खालून धरायचं, मग हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर जातो. आणि ट्रेलर जितका आखूड तितका लहरी. पुण्यात तुम्ही साधी अल्टो लावायला घ्या, कुठून तरी दोन माणसं उगवतात, येऊद्या येऊद्या, काट मारा, बास बास, आणि डिकीवर थाप. इथे मागे रांगेत ट्रक घेऊन उभी असलेली मंडळी कॉफीचा कप धरून मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी शांत चेहऱ्याने बघत राहतात. मला विचाराल तर आपली आरडाओरड परवडली.

पाण्यात सोडणं एकवेळ सोपं. कीलवाली बोट ट्रेलरवर उंच बसते, ट्रेलर खोल न्यावा लागतो, म्हणून याच्या ट्रेलरची पुढची दांडी ओढून लांब करता येते, नाहीतर गाडीची मागची चाकंही पोहायला जातील. बोट तरंगली की दोर धरा, झालं.

काढणं हे खरं काम. संध्याकाळी सगळे एकदम परततात, वारा नेमका आडवा, ट्रेलर पाण्याखाली गायब, दिसतात ते त्याचे दोन उभे पांढरे पाइप, त्यांच्या मधोमध बोटीचं नाक घालायचं. कील वर घेतलेला असतो त्यामुळे बोट बाजूला सरकत राहते. पट्टा लावून विंच, म्हणजे ट्रेलरवरचा हाताने फिरवायचा रहाट, फिरवायचा, थोडं बाहेर ओढायचं, थांबून बघायचं, वाकडी बसली असेल तर परत आत. इथेच जोडप्यांची भांडणं होतात. मराठीत भांडण्याचा फायदा एवढाच की शब्द कुणाला कळत नाहीत. सूर कळतो.

बाहेर आल्यावर शेवाळ आणि पाणवनस्पती वेचायच्या, पाणी काढायचं. बाहेरून आलेले झेब्रा मसल नावाचे नखाएवढे शिंपले १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सेंट क्लेअरला सापडले आणि २०१० मध्ये मिनेटॉन्कात, ते बोटींवर बसून तळं बदलतात, म्हणून बोटीचं पाणी काढायचं बूच काढून ठेवूनच रस्त्याला लागायचं असा इथे कायदा आहे. आमच्या मित्राच्या बोटीला तसं बूच नाहीच, पण मोटारबोटवाले पुढच्या वेळी ते परत लावायला विसरतात आणि मग रांगेला फुकट करमणूक.

कोकणात होड्या पावसासाठी वर ओढून शाकारतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. इथे बर्फासाठी वर येतात, थंडीभर ताडपत्रीखाली. मित्र दर मे महिन्यात पहिल्या खेपेला नारळ आणतोच, पण बाहेरचं काही तळ्यात नको म्हणून ट्रेलर गाडीला जोडतात त्या हिचवर फोडतो आणि खोबरं रांगेत वाटतो. एका आजोबांनी तुकडा चघळत अगदी गंभीरपणे विचारलं, याने बेअरिंग जास्त टिकतात का?