काठ चालतोय

रविवार, रात्री

गोव्यात मांडवी नदीवरच्या रायबंदरहून चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत आज गाड्यांची ही गर्दी. त्यातून वाट काढत भाचीला घेऊन कठड्याशी उभी राहिले. बाईसाहेब सव्वाचार वर्षांच्या. फेरी सुटली तशी ओरडली, "मावशी, काठ चालायला लागला!" मागचे स्कूटरवाले हसले. मी समजावायला तोंड उघडलं आणि कसंबसं मिटलं.

तिच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पुडी. दाणा तोंडात, टरफल मांडवीत. (अडवायला हवं होतं, राहून गेलं.) एक टरफल पाण्यावर पडलं नि मागे मागे जाऊ लागलं. ती मान वळवून बघत राहिली. टरफलाच्या पलीकडे रायबंदरचा धक्का, तोही तिकडेच चाललेला. मग तिनं पायाखालच्या पत्र्याकडे पाहिलं. पुढचा दाणा ओठांशीच राहिला. "अगं, आपणच जातोय!"

चोडणला उतरून खारफुटीच्या कडेनं चालताना विचारलं, "हे तुला कधी कळलं गं?"

"मला पहिल्यापासूनच माहीत होतं."

"मग मघाशी काठ चालतोय कोण म्हणालं?"

"मी नाही म्हणाले."

खोटं बोलताना ती नजर चुकवते. आता सरळ माझ्याकडे बघत होती.

मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांचा 1994 सालचा अभ्यास वाचला होता. चार वर्षांच्या मुलांना नवी माहिती शिकवली, तर लगेच विचारल्यावर बरीच जण सांगत, हे आम्हाला केव्हापासून ठाऊक आहे! त्याआधी 1988 मध्ये गॉपनिक आणि ॲस्टिंग्टन यांनी गोळ्यांच्या डब्यातून पेन्सिली काढून दाखवल्या. डबा उघडण्याआधी काय वाटलं होतं, असं विचारल्यावर तीन वर्षांची बरीच मुलं म्हणाली, पेन्सिली. पाचव्या वर्षापर्यंत हे बहुतेक सुटतं म्हणे. आमच्या ऑफिसात पन्नाशीतही न सुटलेले दोघे आहेत, ते असो.

मला काही उमगतं तेव्हा निम्मी मजा मघापर्यंतच्या माझ्या अडाणीपणाची असते. तिला मजा पुरेपूर आली, ती मी डोळ्यांनी पाहिली. पण मघाची ती, काठ चालवणारी, गेली कुठे?

घरी पोचल्यावर उत्तर मिळालं. चप्पलही न काढता आईला सांगत होती, "आई, मावशीला ना, वाटत होतं काठच चालतोय!"