पहिला-तिसरा शनिवार आणि फौजीची छुट्टी

नागपूर, मेचा दुसरा आठवडा

कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाणी भरावं लागतंय. शाळा बंद, फौजींची छुट्टी याच दिवसांत, आणि नेमकी न्यायालयंही उन्हाळी सुट्टीवर. नवरा-बायको वेगळे राहत असतील तर फौजी बापाचा मुलाच्या भेटीचा अर्ज मार्चमध्येच लागायला हवा तो यासाठी. मेमध्ये धावाधाव केली की अर्धी छुट्टी नोटीस बजावण्यातच संपते.

पण भांडणाचं मूळ बहुतेक वेळा आदेशाच्या भाषेत असतं. ‘दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी ११ ते ५’ हा ठरीव मसुदा सिव्हिल लाइन्समध्ये नोकरी करणाऱ्या बापाला चालतो. अरुणाचलच्या सीमेवर तवांगला पोस्टिंग असलेल्याचे वर्षाचे २४ शनिवार कोरडेच जातात, आणि मग समोरून म्हटलं जातं, बापाला मुलाची पडलेलीच नाही. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते (अधिकाऱ्याला किरकोळ २०). ती तुकड्या-तुकड्यांनी मिळते, ऐनवेळी रद्दही होते. तडजोडीत मग असं लिहावं: रजा मंजूर होताच सात दिवस आधी व्हॉट्सअॅपवर कळवायचं, सोबत लीव्ह सर्टिफिकेटचा फोटो, छुट्टीतले अमुक दिवस मूल मुक्कामी, छुट्टी रद्द झाली तर तेवढे दिवस पुढच्या छुट्टीत, एरवी बुधवार-रविवार रात्री ८ ला व्हिडिओ कॉल, आणि नेटवर्क नसल्याने चुकलेला कॉल आदेशभंग धरायचा नाही. आजी-आजोबा कामठीत असतील तर बापाच्या गैरहजेरीत त्यांची भेटही त्यातच घालून घ्यावी.

‘उन्हाळी सुट्टीचा पूर्वार्ध’ असं मोघम तर लिहूच नये. विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे पुण्या-मुंबईपेक्षा उशिरा उघडतात, केंद्रीय विद्यालयाचं वेळापत्रक आणखी निराळं. सरळ तारखा घालाव्यात. मूल पाच वर्षांखालचं असेल तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार ताबा सर्वसाधारणपणे आईकडे. तिथे मुक्कामाचा हट्ट न धरता दिवसाच्या भेटींपासून सुरुवात केलेली बरी.

पैशाचं, म्हणजे पोटगीचं गणित वेगळं. लष्कर कायदा १९५० च्या कलम २८ मुळे दिवाणी न्यायालयाला फौजीचा पगार जप्त करता येत नाही. खासगी मालकाला पाठवतात तसा जप्तीचा हुकूम इथे अडतो. रस्ता कलम ९० (अधिकारी) आणि ९१ (जवान) खालच्या कपातीचा. पत्नीचा अर्ज युनिटच्या सीओंच्या (कमांडिंग ऑफिसर) नावे, प्रत रेकॉर्ड ऑफिसला. सोबत लग्नाचं प्रमाणपत्र, मुलाचा जन्मदाखला, पासबुकाची झेरॉक्स, न्यायालयाचा आदेश झाला असेल तर त्याची प्रमाणित प्रत. मुलाचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये (युनिटमधली फौजीच्या कुटुंबाची अधिकृत नोंद) चढलेलं नसेल तर फाइल तिथेच रेंगाळते. लष्कराच्या स्वतःच्या नियमात पत्नीला २२ टक्के, दर मुलाला ५.५ टक्के, एकूण ३३ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. ती लष्कराची; पोटगी ठरवताना न्यायालय तिला बांधील नाही.

पे-स्लिप घ्या आणि हातात येणाऱ्या रकमेवर थांबू नका. जवानाच्या एएफपीपी फंडात, अधिकाऱ्याच्या डीएसओपीत (दोन्ही भविष्य निर्वाह निधी) वर्गणी स्वतःहून वाढवता येते, आणि पोटगीचा दावा लागला की ती वाढलेली दिसते. सक्तीची कपात वेगळी, स्वखुशीची वेगळी. उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोघांनीही द्यायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० ला बंधनकारक केलं. ते प्रकरण आपल्या नागपूरच्याच कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं.

कलम १२५ (आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) खालच्या पोटगीच्या थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. ‘छुट्टीवर आला की देईल’ म्हणत चौदा महिने थांबलं की पहिले दोन महिने गेलेच. आणि समन्स गावच्या पत्त्यावर पाठवू नका, ते ‘बाहेरगावी’ शेऱ्यानिशी परत येतं. आर्मी नंबर, हुद्दा, युनिट, ‘मार्फत ५६ एपीओ’ (लष्करी टपाल; ईशान्येकडच्या युनिटला ९९ एपीओ) असा पत्ता लिहून सीओंमार्फतच बजावून घ्या. छुट्टी मिळत नसेल तर फौजीही सीओंसमोर सही करून घरच्या माणसाला दावा चालवायचा अधिकार देऊ शकतो. तो कागद पहिल्याच तारखेला लागलेला असावा.