हायदेची सौगात

२० जानेवारी, रात्री साडेअकरा

आज इराणी गायिका हायदेला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी संध्याकाळपासून तिचीच गाणी लावून बसलेय, स्वयंपाक कसाबसा उरकला, भांडी तशीच पडलीत. १९९० साली आजच्याच तारखेला कॅलिफोर्नियात हार्ट अटॅकनं गेली ती, आदल्या रात्री स्टेजवर गायली होती आणि वय फक्त ४७. सत्तेचाळीस म्हणजे काय वय आहे का हे जायचं, गाणाऱ्याचा आवाज तर त्या वयात कुठे मुरायला लागतो.

मला ती भेटली कॉलेजात, पुण्यात. वर्गात एक इराणी मुलगी होती, तिच्या रूमवर गेले की चहाबरोबर हीच गाणी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्द एक कळला नव्हता पण तो आवाज! बाईचा इतका ढाला, भरदार आवाज मी ऐकलाच नव्हता, वर न चढता नुसता खाली खर्जाकडे उतरत जातो आणि तिथे जाऊन आणखी मोठा होतो. मैत्रीण म्हणाली हिचं खरं नाव मासूमे ददेबाला, तेहरानची, जन्म १९४२ चा. धाकटी बहीण महस्ती, तीपण मोठी गायिका आणि गंमत म्हणजे रेडिओवर आधी आली ती धाकटी, मोठी नंतर.

हायदे शिकली अली तजवीदींकडे, म्हणजे पक्क्या शास्त्रीय परंपरेतली. १९६८ मध्ये रेडिओ तेहरानवरच्या 'गोलहा' कार्यक्रमात तिचं 'आझादे' आलं, चाल तजवीदींची, शब्द रही मोअय्येरींचे, आणि त्या एका गाण्यानं तिचं नाव झालं. गोलहा म्हणजे फुलं, आपल्या गुलाबातला गुल तोच. त्यांच्याकडे आपल्या रागांसारखे दस्तगाह असतात आणि गळ्यातली जी खास हरकत असते तिला तहरीर म्हणतात, ती आपल्या तानेसारखी सरळ धावत नाही, आवाज मध्येच मोडल्यासारखा होतो आणि लगेच दुसऱ्या सुरावर जाऊन बसतो, बुलबुल गातो तसं. हायदे हे सगळं पॉप गाण्यांत घेऊन आली, सत्तरच्या दशकात. काही लोकांना वाटतं तिनं शास्त्रीय सोडलं ते वाईट झालं, मला अजिबात पटत नाही. ऑर्केस्ट्रा, व्हायोलिन सगळं मागे वाजत असतं आणि ती एक तहरीर घेते की कळतं बाई कुठल्या घरातली आहे ते.

१९७८ मध्ये, इराणात इस्लामी क्रांती व्हायच्या जरा आधी ती इंग्लंडला गेली, तिथून १९८२ मध्ये अमेरिकेत. परत जायचं राहूनच गेलं, कारण नंतर तिकडे बायकांनी पुरुषांसमोर एकटीनं गायलाच बंदी आली. गुगूश, तिकडची तेव्हाची मोठी पॉप गायिका, तिथेच राहिली तर तिला २००० सालापर्यंत, एकवीस वर्षं गप्प बसावं लागलं. हायदे गात राहिली, लॉस एंजेलिसमध्ये, तिच्यासारख्याच घर सुटलेल्या माणसांसमोर. आणि कॅसेटी लपूनछपून इराणात पोचत राहिल्या. मैत्रीण सांगायची, तिची आई खिडक्या लावून, अगदी बारीक आवाजात ऐकायची. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, इतका मोठा आवाज आणि तो बारीक करून ऐकायचा.

मला सगळ्यात जास्त लागतं ते 'सोगाती'. चाल मोहम्मद हैदरींची, शब्द अर्दलान सरफराझ यांचे. आपण सौगात म्हणतो ना, तोच शब्द, प्रवासाहून येताना आणलेली भेट. गाण्यातली बाई म्हणते तुझ्या कपड्यांवरची धूळ हीच माझी सगळ्यात लाडकी भेट, तू आलास म्हणजे झालं. हे गाणं तिनं देश सोडायच्या आधीचं आहे, तेव्हा ते साधं प्रेमाचं गाणं होतं, पण नंतर परदेशात स्टेजवर हेच गाताना तिला काय होत असेल? वाट बघणारी ती, आणि घरी न पोचलेलीपण तीच. तिला पुरलंय लॉस एंजेलिसला वेस्टवूडच्या स्मशानभूमीत, २००७ मध्ये महस्ती गेली, तीपण तिथेच. दोघी बहिणी तेहरानपासून इतक्या लांब.

मघाशी मैत्रिणीला मेसेज केला, आज हायदेचा दिवस ना म्हणून, आणि सोगाती म्हणताना तो ग नक्की कसा काढायचा ते विचारलं. तिनं फोन आईकडे दिला असणार, कारण व्हॉइस नोट आली ती काकूंची. आधी तीनदा हळूहळू शब्द म्हणून दाखवला, ग घशातून कसा घासून येतो ते, आणि मग थांबल्याच नाहीत, अख्खा मुखडा गायल्या.