तेरचे मणी

"ह्ये मनी व्हय? आमच्या रानात लई निघायचे की, पाऊस उघडला की." धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या लामतुरे म्युझियममध्ये काचेला नाक लावून एक आजी नातीला सांगत होती. मी मधेच विचारलं, मग काय करायचात आजी त्यांचं? "काय करायचं बाई, दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे. तुटली माळ की गेलं."

तुटली की गेलं!

त्यातला एक लाल अकीकाचा मणी मी बराच वेळ बघत बसले, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा, आणि एवढ्या कडक दगडाला इतकं बारीक सरळ भोक त्या काळात पाडलं कसं देव जाणे.

आम्ही निघालो होतो नळदुर्ग-तुळजापूरला, तेर आपलं जाता जाता. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच तगर नावाचं व्यापारी शहर होतं, इथलं कापड भडोचला जाऊन तिथून जहाजात चढायचं. इथे सापडलेल्या बाईच्या हस्तिदंती मूर्तीसारखीच एक मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीत, पाँपेई या जुन्या रोमन शहरात सापडली. हे सगळं जपलं कोणी, तर गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरेंनी, हौसेने, वेड्यासारखं गोळा करून. नाहीतर आपण गोरोबाकाकांच्या पाया पडून, चहा पिऊन सरळ पुढे गेलो असतो.

आजीच्या त्या माळेचं मात्र डोक्यातून जाईना. प्रत्येक गावात कुठे असतो असा लामतुरे?

तुमच्याकडे शेतात असं काही निघायचं का? आणि आता कुठंय ते?